टाके नाही घातले

मागच्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात ताईच्या मुलीचं बोट दारात सापडलं. चिऊ तेव्हा तीन वर्षांची. दार म्हणजे जुन्या वाड्याचं सागवानी दार, एकेक फळी उचलायला दोन माणसं लागावीत असं, बाहेर गरम वारा सुटलेला, ते आपटलं आणि पोर नेमकी फटीत हात घालून उभी. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं, अर्ध्या नखासकट. आवाज आधी आला का रडणं आधी आलं ते मला आता आठवत नाही, पण बाबा आतून धावत आले आणि त्यांनी तिचा तो हात आपल्या उजव्या हातात घेऊन उंच धरला ते मात्र डोळ्यासमोरून जात नाही, कारण बाबांच्या त्या हाताला पण तर्जनी नाहीये. तर्जनी नाही आणि मधलं बोट पण नाही, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेलेली.

रावपुऱ्यात एका डॉक्टरांकडे नेलं. तुटलेला तुकडा ताईने रुमालात गुंडाळून आणला होता पण तो इतका चेचला होता की डॉक्टरांनी बघितला आणि बाजूला ठेवला. जखम धुतली, दिव्याखाली बोट वळवून वळवून बघितलं, नखाचं मूळ शाबूत आहे म्हणाले, आणि मग बाबांकडे वळून शांतपणे, "टांका नथी लेवा, काका. एनी मेळे आवी जशे." टाके घालायचे नाहीत, आपलं आपण येईल. एवढंच. वर ओलसर राहील असं ड्रेसिंग बांधलं, आठवड्याने या म्हणाले, आणि आम्ही वीस मिनिटांत बाहेर.

बाबांना हे अजिबात पटलं नाही. रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत पण घरी आल्यावर आईला म्हणाले, उघडी जखम अशी कोणी सोडतं का, टाके नाहीत काही नाहीत, म्हणे आपलं आपण येईल. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आणि मला त्यांचं समजत होतं. १९९३ साली मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, पॉवर प्रेसवर त्यांची बोटं गेली तेव्हा कातडी ओढून, टाके घालून, नीट बंद करून दिलं होतं, आणि ते योग्यच होतं, त्या जखमेला दुसरा उपाय नव्हता. त्यांच्यासाठी चांगला इलाज म्हणजे बंद केलेली जखम.

पुढचे दोन-अडीच महिने मी जे बघितलं ते सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतलाय.

दर आठवड्याला पट्टी सुटायची. पहिल्यांदा बघवत नव्हतं, लालभडक आणि ओलं, वरती पिवळट थर, वास पण यायचा, डॉक्टर म्हणाले हा वास चालेल. तिसऱ्या आठवड्यात ते मांस गोलसर व्हायला लागलं, जणू आतून कोणी हळूच फुंकर घालतंय. मग कडेने कातडी आत सरकत आली. जुलैत नख पुढे यायला लागलं. आणि ऑगस्टमध्ये, अकरा आठवडे झाले होते, पट्टी काढली तर बोट होतं. म्हणजे बोटच, गोल टोकाचं, गुलाबी, पुढे नख आलेलं, शेजारच्या बोटाला लावून बघितलं तर एक केसभर आखूड असेल नसेल. डॉक्टरांनी तिला टेबलावरची पेन्सिल उचलायला लावली, तिने उचलली. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. ते उठून आले, तिचं बोट हातात घेतलं, चष्मा वर करून अगदी डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाले, तू झूलॉजी शिकलीस ना, मग सांग, तिचं आलं तर माझं का नाही आलं.

आता मी झूलॉजी शिकले ते एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सीपर्यंत, मग बँकेत लागले ती आजतागायत बँकेत. पण हा प्रश्न मला कोणी विचारलेल्या प्रश्नांमधला सगळ्यात मोठा प्रश्न वाटला आणि खरंच तेव्हापासून मी तेच वाचतेय. आणि योगायोग असा की हाच प्रश्न, बोटाऐवजी शेपटीबद्दल, आपल्याच बडोद्यात आपल्याच सायन्स फॅकल्टीत गेली साठ वर्षं लोक विचारतायत. आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटने १९६० च्या दशकापासून घरातल्या साध्या पालीच्या शेपटीवर काम केलंय, ती पिवळसर पोटाची पाल, ट्यूबलाइटच्या मागे राहते तीच, गुजरातीत गरोळी म्हणतात ती. आम्ही बीएस्सीला असताना सिनियर लोक संध्याकाळी कॅम्पसच्या भिंतींवरून पाली पकडायचे आणि आत जाळीच्या पेट्यांमध्ये ठेवून त्यांना झुरळं घालायचे. तेव्हा मला ते सगळं किळसवाणं वाटायचं, मी त्या खोलीत जायचे टाळायचे. आज वाटतं तिथे उभं राहून नीट बघायला हवं होतं.

आणि घरात तर मी हे त्याआधीच बघितलं होतं. जूनमध्ये आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या पालीची शेपूट खिडकीत अडकून तुटली आणि ती शेपूट ओट्यावर पाच-सहा मिनिटं तडफडत राहिली, आई किंचाळली, मी मोबाईल घेऊन आले. चिऊचं बोट आणि पालीची शेपूट एकाच घरात एकाच वेळी वाढत होती. बाबा रोज सकाळी चहा घेताना वर बघायचे आणि मला रिपोर्ट द्यायचे, आज कोंब दिसतोय, आज टोक काळं आहे, आज अर्ध्या बोटाएवढी झाली. दोन महिन्यांत शेपूट पूर्ण. उन्हाळा-पावसाळ्यात होती म्हणून, थंडीत हेच काम फार रेंगाळतं, पालीचं शरीर बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं.

पण नीट बघा हं, ती शेपूट तीच नाही. जुन्या शेपटीवर कडेने बारीक काट्यांसारख्या ओळी होत्या, पट्टे होते, नवीन शेपूट गुळगुळीत, एकरंगी, आणि जिथे जुनं संपून नवं सुरू होतं तिथे स्पष्ट सांधा दिसतो. आत तर आणखीनच फरक असतो. मूळ शेपटीत मणके असतात, आणि बहुतेक मणक्यांत मधोमध आधीच एक चीर ठेवलेली असते, पाल घाबरली की स्नायू आवळून त्या चिरेवर स्वतःच शेपूट तोडते. नव्या शेपटीत मणके येतच नाहीत. कूर्चेची एक सलग नळी येते आणि तिच्या आत मज्जारज्जूचा एक पातळसा धागा. नळीला चिरा नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी शेपूट सोडायची वेळ आली तर तिला अंगाच्या आणखी जवळ, उरलेल्या जुन्या मणक्यांवर तोडावी लागते. म्हणजे ही सोय पण मोजकीच आहे. आणि दुसरी गोष्ट, याच पालीचा पाय तुटला तर पाय येत नाही. तिथे व्रण पडतो, आपल्यासारखाच. एकच प्राणी, एकच रक्त, शेपटीला एक न्याय आणि पायाला दुसरा. आपल्या डिपार्टमेंटने ही तुलनाही केलीय, शेपटीच्या जखमेत दाह आटोक्यात राहतो, पायाच्या जखमेत तो भडकतो आणि शेवटी व्रणच होतो.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग माझा पालीचा पाय झाला. मी म्हटलं हो, थोडंफार तसंच.

खरं तर उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. चिऊचं बोट अर्ध्या नखातून गेलं आणि नखाचं मूळ राहिलं. नखाच्या मुळाशी अशा पेशी असतात ज्या आयुष्यभर नख बनवत राहतात, आणि उंदरांवरच्या कामातून २०१३ साली दिसलं की याच भागातून निघणारे संदेश टोकाचं हाड, मांस, नसा परत उभ्या करायला लागतात. कापणी नखाच्या मुळाच्या मागे गेली की ते संदेश नाहीत आणि बोटही नाही. लहान मुलांची बोटाची टोकं टाके न घालता सोडली तर परत येतात हे तर इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हॉस्पिटलमधून १९७४ सालीच छापून आलंय. बाबांची बोटं दुसऱ्या पेरापासून गेली. तिथून माणसाचं बोट येत नाही, ना तीन वर्षांच्या मुलाचं ना चाळीस वर्षांच्या बापाचं. म्हणजे त्यांना कोणी टाके घालून फसवलं नव्हतं. हे त्यांना सांगताना माझा गळा दाटून आला होता, कारण माझ्या लक्षात आलं की तीस वर्षांपूर्वी काहीतरी वेगळं केलं असतं तर, हा विचार ते गेले तीन महिने एकट्याने करत बसले होते.

पण दुसरा भाग सोपा नाही. मुळात येत का नाही? काहींना येतं, काहींना नाही, हे ठरलं कसं?

माणसाला हे कुतूहल फार जुनं आहे पण नीट प्रयोग सुरू झाले ते अठराव्या शतकात. हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेम्ब्ले नावाचा एक शिकवणीचा मास्तर होता, श्रीमंत घरातल्या दोन मुलांना शिकवायचा, त्याने १७४० साली डबक्याच्या पाण्यात एक हिरवं बारीक काहीतरी बघितलं आणि हे झाड का प्राणी ते ठरवायला कात्रीने मधोमध कापलं. झाड असेल तर दोन्ही तुकडे जगतील असा त्याचा हिशोब. दोन्ही जगले, दोघांना नवीन अंग आलं, आणि तरी ते प्राणीच निघाले, हायड्रा. म्हणजे ज्या खुणेने झाड आणि प्राणी वेगळे करायचे तीच खूण मोडली. मग १७६८ मध्ये इटलीत स्पालान्झानीने सॅलमँडरचे, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका उभयचराचे, पाय, शेपटी, जबडा परत येतात हे दाखवून दिलं. हाडासकट, सांध्यासकट, बोटांसकट आख्खा पाय.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त वेड लावलं ते प्लॅनेरियाने. चपटा किडा, नखाएवढा, दगडाखाली गोड्या पाण्यात राहतो, दोन डोळे असे की तिरळा बघतोय असं वाटतं. टॉमस हंट मॉर्गन, ज्याला पुढे फळमाशीच्या कामाबद्दल १९३३ चं नोबेल मिळालं, त्याने त्याआधी हे किडे कापून बघण्याचंच काम केलं होतं, आणि त्याने हिशोब मांडला की या किड्याचा २७९ वा भाग एवढा तुकडासुद्धा पूर्ण किडा बनवू शकतो. हे कशामुळे होतं तर त्याच्या अंगभर अशा मूळ पेशी पसरलेल्या असतात ज्या काहीही बनू शकतात. २०११ मध्ये अशा एका पेशीने, खरोखर एका, मरायला टेकलेल्या किड्याला परत उभं केलं, त्याच्या स्वतःच्या सगळ्या मूळ पेशी किरणांनी मारून टाकल्या होत्या आणि बाहेरून ही एकच घातली होती.

आणि तुकड्याला कळतं कसं की या टोकाला डोकं हवं आणि त्या टोकाला शेपूट? इथे मला जरासंधच आठवतो. आमच्या इथल्या विठ्ठल मंदिरात लहानपणी कीर्तनात ऐकलेला. भीम त्याला उभा चिरतो, दोन्ही अर्धी परत चिकटतात, परत चिरतो परत चिकटतात, शेवटी कृष्ण एक काडी मधून चिरतो आणि दोन अर्धी उलटसुलट टाकतो, तेव्हा भीमाच्या डोक्यात उजेड पडतो, डोक्याच्या बाजूला पाय आणि पायाच्या बाजूला डोकं. मग तो जुळत नाही. कीर्तनकारबुवा काडी खरंच हातात घेऊन दाखवायचे. दिशा बिघडली की शरीर जुळत नाही, हे त्या गोष्टीत आहे आणि अगदी हेच प्लॅनेरियात आहे. त्याच्या अंगात बीटा-कॅटेनिन नावाच्या एका प्रथिनाच्या जोरावर मागची बाजू ठरते, जिथे त्याचं काम जोरात तिथे शेपूट, जिथे दबलेलं तिथे डोकं. २००८ मध्ये प्रयोगात ते सगळीकडे बंद केलं तर कापलेल्या किड्याला शेपटीच्या जागी दुसरं डोकं आलं. दोन तोंडांचा किडा, दोन्ही दिशांना ओढणारा.

आता उत्क्रांतीचा धागा इथून लागतो आणि इथेच मला पहिल्यांदा बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागलं. प्लॅनेरियाच्या नात्यातला एक पांढरा किडा आहे, त्याला पुढून कापलं तर डोकं येतं पण शरीराच्या मागच्या भागातून कापलं तर येत नाही. ती क्षमता तो हरवून बसलाय. वर्षानुवर्षं असं समजलं जायचं की याच्याकडे ती यंत्रणाच नाही. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं बीटा-कॅटेनिन नुसतं दाबलं, आणि ज्या तुकड्यातून कधीच डोकं येत नव्हतं त्यातून डोकं आलं, डोळ्यांसकट. म्हणजे यंत्रणा सगळी आत पडून होती. नवीन काही द्यावं लागलं नाही, फक्त एक बटण अडकलं होतं ते सोडवलं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून ओटल्यावर जाऊन बसले होते. कारण आपण हा प्रश्न नेहमी उलटा विचारतो, पालीला कसं काय जमतं, सॅलमँडरला हे वरदान कसं मिळालं. आणि बहुतेक खरा प्रश्न असा आहे की आपल्याकडून ते कसं सुटलं.

प्राण्यांच्या वंशवृक्षावर खालपासून बघितलं तर स्पंज, हायड्रा, जेलीफिशची भावंडं, चपटे किडे, तारामासे, जिथे बघावं तिथे ही क्षमता सापडते. मग फांद्याफांद्यांवर ती गळत जाते. जळूला नाही, गोल कृमींना जवळपास नाहीच, पक्ष्यांना पाय येत नाहीत, आपल्याला येत नाहीत. मणक्याच्या प्राण्यांमध्ये पण तसंच. जर्मनीत सापडलेल्या साधारण २९ कोटी वर्षांपूर्वीच्या उभयचरांच्या जीवाश्मांमध्ये असे पाय आहेत ज्यांची बोटं वेडीवाकडी जोडलेली किंवा जास्तीची आहेत, आणि हे विचित्र नमुने अगदी तेच आहेत जे आज सॅलमँडरचा पाय परत येताना चुकला तर दिसतात. २०१४ मध्ये हे छापून आलं. म्हणजे तुटलेला पाय परत आणणं ही सॅलमँडरची आजची खासगी करामत नाही, चार पायांच्या प्राण्यांच्या आरंभापासूनची ती गोष्ट दिसते, आणि आपणही त्याच चार पायांच्या घरातले. शेपूट स्वतः तोडण्याच्या चिरा तर २८.९ कोटी वर्षांपूर्वीच्या एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याच्या मणक्यांत दिसतात, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका खाणीत ढिगाने सापडलेला प्राणी. आमच्या ओट्यावरच्या पालीची युक्ती इतकी जुनी.

पण सगळंच जुनं आणि सगळंच हरवलेलं असं म्हणून टाकलं तर ते पण खोटं ठरेल. समुद्रात फितीसारखे लांब किडे असतात, त्यांच्या ३५ जातींना कापलेलं डोकं परत येतं का हे तपासणारं एक काम २०१९ साली आलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना डोकं परत येत नाही, शेपटीकडचा भाग येतो, आणि वंशवृक्ष मांडल्यावर दिसलं की ज्या थोड्यांना येतं त्यांच्यात ते नंतर आलंय, किमान चार वेळा, वेगवेगळं. म्हणजे गेलेली गोष्ट परत मिळवता येते, नव्याने पण मिळवता येते. मला हे वाचून बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

मग आपल्याकडून ते सुटलं कशामुळे? जुन्या काळी वाइझमन नावाचा जर्मन जीवशास्त्रज्ञ म्हणायचा की जो अवयव सारखा तुटतो त्यालाच निसर्ग परत येण्याची सोय देतो. पटण्यासारखं आहे. पण मॉर्गनने शंखात राहणारा खेकडा घेतला, त्याचे पुढचे पाय बाहेर असतात ते तुटतात, मागचे मऊ पाय शंखात कायम झाकलेले, ते कधी तुटायचा प्रश्नच नाही. त्याने ते कापून बघितले तर तेही आले. सोय गरजेप्रमाणे वाटलेली नव्हती, ती आधीपासून अंगात होती.

मला जे सगळ्यात पटतं ते असं. पाय परत यायला सॅलमँडरला महिना-दोन महिने, मोठ्या प्राण्याला आणखी जास्त लागतात. तेवढा वेळ तो चिखलात पडून राहू शकतो, थंड रक्त, फार खावं लागत नाही. उंदराला रोज खायला लागतं, अंग गरम ठेवायला सतत जळण लागतं, पाय तुटलेला उंदीर दोन महिने वाट बघू शकत नाही, तो आठवड्यात मरतो किंवा मांजराच्या तोंडी जातो. मग पाय परत आणण्याची क्षमता असली काय नसली काय, तिचा फायदा घ्यायला कोणी जिवंत राहतच नाही. त्याउलट जखम भराभर बंद करणं, रक्त थांबवणं, जंतू आत शिरू न देणं, याचा फायदा त्याच दिवशी. व्रण म्हणजे घाईत मारलेले टाके. आपल्या पूर्वजांच्या अंगाने तो सौदा केला, आणि जो जगला त्याची आपण पोरं.

हा सौदा आपल्या एकेकाच्या आयुष्यात पण परत होतो असं दिसतं. झेब्रा माशाचं पाचव्या हिश्शाएवढं हृदय कापलं तरी ते परत भरून येतं, हे २००२ चं काम. आणि उंदराचं पिल्लू जन्मल्याच्या दिवशी त्याच्या हृदयाचा तुकडा काढला तर तेही भरून येतं, पण सात दिवसांच्या पिल्लाचं येत नाही, तिथे व्रण, हे २०११ मधलं. म्हणजे आठवडाभर दार उघडं असतं आणि मग लागतं. पुढे २०१९ मध्ये दिसलं की अंग गरम ठेवणारं थायरॉइडचं जे संप्रेरक, त्याचा हे दार बंद करण्यात हात आहे. गरम रक्ताची किंमत आपण कशाने भरली ते इथे दिसतं. कॅन्सरचं भय हेही एक कारण सांगतात, मोकाट वाढणाऱ्या पेशी नकोत म्हणून लगाम, पण सॅलमँडर एवढं वाढवूनही कॅन्सरने फारसा मरत नाही तेव्हा मला ते एकटं पुरेसं वाटत नाही.

सस्तन प्राण्यांमध्ये अगदीच काही उरलं नाही असंही नाही. आफ्रिकेत काटेरी उंदीर आहे, पकडलं की कातडीच सोडून पळतो आणि ती केसांसकट परत येते, व्रणाशिवाय, २०१२ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. आणि आमच्या कमाटीबागेतल्या प्राणीसंग्रहालयात जाऊन चितळाची शिंगं बघा. ती गळतात आणि त्याच बुंध्यातून पूर्ण हाडाची नवीन येतात, मखमली कातडी, रक्तवाहिन्या, नसा सगळ्यासकट. मी बाबांना मुद्दाम घेऊन गेले होते. एका नराची शिंगं मखमलीत होती. बाबा जाळीला हात लावून म्हणाले, एवढं हाड परत आणतो हा, आणि मला एक पेर नाही.

मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल म्हणून एक सॅलमँडर आहे, सोचिमिल्कोच्या कालव्यांमध्ये आता रानात फार थोडा उरलाय, पण जगभरच्या लॅबमध्ये तोच असतो. त्याचा पाय कापला की जखमेवर पटकन पातळ कातडी येते आणि तिच्याखाली पेशींचा एक गोळा जमतो, ब्लास्टेमा. आधी वाटायचं या गोळ्यात पेशी सगळं विसरून कोऱ्या होतात. २००९ मध्ये दिसलं की बहुतेक पेशी विसरत नाहीत, स्नायूतून आलेली स्नायूच करते, नसेभोवतीची नसेभोवतीच जाते. प्रत्येकीला आपलं घर आठवतं. २०१८ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएची आख्खी पोथी, वाचला, ३२०० कोटी अक्षरं, माणसाची ३०० कोटी. आणि या गोळ्याला वाढायला नस लागते. नस आधी तोडून टाकली तर पाय येतच नाही, हे १८२३ पासून माहीत आहे. कापलेली नस वाढत जखमेपाशी येते आणि तिच्या येण्याने बाकीच्यांना काम सुरू करायचा निरोप मिळतो.

हे वाचलं त्या दिवशी मी बाबांच्या खोलीत गेले. कारण माणसाची कापलेली नस पण तशीच वाढते. ती पुढे येते, बोट शोधत येते, आणि पुढे बोट नसतं म्हणून तिथेच तिची गाठ होते. बाबांच्या तर्जनीच्या थुट्याखाली एक जागा आहे, थंडीत तिला नुसता चादरीचा स्पर्श झाला तरी वीज गेल्यासारखं होतं. तीस वर्षं आम्ही म्हणायचो टाक्याचं दुखतं. ते टाक्याचं नव्हतं बहुतेक. नस निरोप घेऊन आली होती आणि घ्यायला कोणी नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं तर ते त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले आणि म्हणाले, अजून येते म्हणजे.

बाबा तबला वाजवायचे हे सांगायचं राहिलं. भजनी मंडळात. उजव्या हाताच्या तर्जनीशिवाय चाटेवरचा "ना" हा बोल निघत नाही आणि मधल्या बोटाशिवाय "ति" नाही, म्हणजे तबला संपलाच. दोन वर्षं त्यांनी जोडी कपाटावरून खाली काढली नाही. मग एक दिवस त्यांनी जागा बदलून मांडली, तबला डाव्या हाताला, डग्गा उजव्याला, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाने पहिल्यापासून धा धिं धिं धा सुरू केलं, रात्री दार लावून, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. आम्हाला ऐकू यायचं. डग्ग्यावर तो तळवा आणि दोन बोटं, घुमारा वेगळाच येतो त्यांचा, पूर्वीसारखा नाही. मंडळातले लोक आता त्या आवाजावरून सांगतात की आज नाईककाका आलेत.

नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना बँकेत अंगठा द्यायला यायचं होतं, चिऊ पण आली बरोबर. काम झाल्यावर माझ्या टेबलावरचा शाईचा पॅड दिसला तसं बाबा म्हणाले, एक कोरा कागद दे. त्यांनी तिची नवी तर्जनी पॅडवर दाबली आणि कागदावर टेकवली. मी भिंगातून बघितलं. मधोमध थोडं धूसर होतं, कडेने रेषा होत्या, बारीक, गोल फिरत आत गेलेल्या. मग त्यांनी स्वतःचा तर्जनीचा थुटा पॅडवर टेकवला आणि तिच्या ठशाशेजारी दाबला. त्यात रेषा नव्हत्या, नुसता एक निळा गोल आणि त्यातून आडवी गेलेली एक पांढरी चीर, जिथे टाके होते तिथे. चिऊ म्हणाली, आजोबांचा चंद्र आलाय. बाबांनी शाई वाळेपर्यंत कागद फुंकला, चार घड्या घातल्या आणि पेन्शनच्या पासबुकात ठेवला.